ऑप्टिकल फायबर केबल कोणती घ्यावी? चर खणण्याआधी हे तपासा

गावात फायबर आलं की सोसायटी, शाळा, पतसंस्था, लहान केबल व्यावसायिक सगळ्यांचाच प्रश्न एक असतो, "केबल कुठली घ्यायची?" दुकानदार मीटरमागचा दर सांगतो आणि आपण स्वस्तातली उचलतो. पण या कामात खरा पैसा जातो तो चर खणण्यात, खांब उभारण्यात आणि मजुरीत. काच स्वस्त आहे, खोदाई महाग आहे. चुकीची केबल एकदा मातीखाली गेली की ती बदलायला तोच खर्च पुन्हा करावा लागतो. म्हणून निवड आधी, खोदाई नंतर.

आधी आतली काच : सिंगल मोड की मल्टिमोड?

फायबरचा काचेचा धागा १२५ मायक्रॉन जाडीचा असतो. प्रकाश जातो तो त्याच्या आतल्या गाभ्यातून. सिंगल मोडचा गाभा सुमारे ९ मायक्रॉन, तर मल्टिमोडचा ५० किंवा ६२.५ मायक्रॉन असतो.

मल्टिमोड ही कमी अंतराची केबल आहे. १० गिगाबिट वेगाला ओएम३ जातीची केबल ३०० मीटरपर्यंत चालते. त्यामुळे ती एका इमारतीत किंवा सर्व्हर रूममध्येच शोभते. गावातलं, शिवारातलं, इमारतीबाहेरचं काम असेल तर डोळे झाकून सिंगल मोड घ्यावी. आज दोन इमारती १५० मीटरवर असतील, उद्या तिसरी दोन किलोमीटरवर निघेल. सिंगल मोड दोन्हीला पुरते.

सिंगल मोडमध्येही दोन जाती रोजच्या कामात येतात.

- जी.६५२डी : मुख्य लाईनसाठी. ही किमान ३० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणापर्यंत नीट चालते.
- जी.६५७ए१ आणि ए२ : घरात नेण्याच्या ड्रॉप केबलसाठी. ए१ ला १० मिलिमीटर आणि ए२ ला ७.५ मिलिमीटर त्रिज्येचं वळण चालतं.

दाराच्या चौकटीतून, कपाटामागून केबल वळवावी लागते तिथे ६५२डी टाकली तर सिग्नल गळतो आणि दोष राउटरवर येतो. ही जी.६५७ए केबल ६५२डी ला बिनदिक्कत जोडता येते. त्यामुळे मुख्य लाईन एका जातीची आणि घरातली दुसऱ्या जातीची ठेवायला काही अडचण नाही.

मग बाहेरचं आवरण : जागा बघून ठरवा

काच सगळीकडे तीच असते, टिकाऊपणा ठरतो तो आवरणावर. आपल्या भागात एकाच तालुक्यात चार प्रकारची जमीन भेटते, म्हणून हा भाग नीट वाचा.

थेट जमिनीत : उसाच्या फडातून किंवा बांधावरून केबल नेताना उंदीर, घूस आणि वाळवी हे तिघे शत्रू असतात. इथे पन्हाळीदार पोलादी पत्र्याची आर्मर्ड केबल घ्यावी. पोलाद असल्याने दोन्ही टोकांना अर्थिंग करावं लागतं. वळवाच्या पावसात वीज पडते तेव्हा ते विसरलेलं महागात पडतं. वाळवीसाठी बाहेरून नायलॉनचा थर असलेली केबल मिळते. बाजारात ती मागून घ्यावी लागते, आपोआप येत नाही.

डक्टमधून : एचडीपीईच्या पाईपातून ओढायची असेल तर हलकी अनआर्मर्ड केबल पुरते. ४० मिलिमीटर बाहेरचा आणि ३३ मिलिमीटर आतला व्यास असलेला पीएलबी डक्ट दूरसंचारच्या कामांत सर्रास वापरतात. खर्च थोडा वाढतो, पण पुढे केबल बदलायची वेळ आली तर पुन्हा खणावं लागत नाही. रस्ता ओलांडताना तर डक्ट टाकायलाच हवा.

खांबावरून : विजेच्या खांबांवरून जाताना धातू नसलेली, स्वतःचं वजन स्वतः पेलणारी एडीएसएस केबल वापरतात. खांब किती मीटर अंतरावर आहेत हे सांगूनच ती मागवावी, कारण प्रत्येक केबल ठराविक अंतरापर्यंतच ताण सोसते. इंग्रजी आठच्या आकाराच्या केबलमध्ये पोलादी तार असते, ती विजेच्या खांबावर नको. वीज कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या. बिनपरवाना टांगलेली केबल कधी कापली जाईल, सांगता येत नाही.

इमारतीच्या आत : बाहेरची जेलीभरली काळी केबल आत फार लांब नेऊ नये. ती पेटली की धूर करते. आत कमी धूर आणि हॅलोजन नसलेल्या एलएसझेडएच आवरणाची केबल वापरावी. बाहेर मात्र काळं आवरणच हवं. त्यातला कार्बन उन्हापासून केबल राखतो.

जमीन कोणती, त्यावर खोली

दूरसंचारच्या कामांत साध्या मातीत चर १.६५ मीटर खोल घेतात. खानापूरकडच्या जांभ्या दगडात तेवढं खणणं सोपं नाही. तिथे खोली कमी ठेवून वर लोखंडी पाईप किंवा काँक्रीटचं कवच द्यावं लागतं. पूर्वेकडच्या काळ्या मातीची गोष्ट वेगळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि केबलवर ताण आणते. तिथे डक्ट आणि थोडी सैल केबल दोन्ही ठेवावीत. जोडाच्या जागी दोन्ही बाजूंनी १० ते १५ मीटर जादा गुंडाळी ठेवली की जेसीबीने तोडल्यावर दुरुस्तीला हात पुरतो.

किती कोअरची?

आज दोन धागे लागतात म्हणून दोनचीच घेऊ नका. ६, १२, २४, ४८ अशा केबल मिळतात. २४ कोअरचा दर १२ च्या दुप्पट नसतो आणि खोदाईचा खर्च दोन्हींना सारखाच. साधा हिशेब असा की आजच्या गरजेच्या किमान दुप्पट कोअर घ्या. एक धागा तुटला तर दुसऱ्यावर लाईन वळवता येते.

सिग्नलचा हिशेब, कागदावर आधी

घरोघरच्या जीपॉन जोडणीत बी प्लस वर्गाचं उपकरण २८ डीबीपर्यंत घट सोसतं. आता एक उदाहरण बघा. केंद्रापासून वस्ती ६ किलोमीटरवर आहे आणि एका धाग्यावर ३२ घरं जोडायची आहेत.

- १३१० नॅनोमीटरला दर किलोमीटर ०.३५ डीबी घट : ६ × ०.३५ = २.१
- १ ते ३२ स्प्लिटर : १७.५
- ६ जोड, प्रत्येकी ०.१ : ०.६
- ४ कनेक्टर, प्रत्येकी ०.५ : २.०

एकूण २२.२ डीबी. हाती ५.८ डीबी उरतात, म्हणजे काम चालेल. पुढच्या दुरुस्त्यांसाठी किमान ३ डीबी राखून ठेवायचेच.

आता तीच वस्ती १५ किलोमीटरवर असेल तर? दोन किलोमीटरच्या ड्रमचे ८ तुकडे लागतात आणि जोड ११ पर्यंत जातात. घट ५.२५ + १७.५ + १.१ + २.० = २५.८५ डीबी. उरले जेमतेम २.१५. अशा वेळी ३२ ऐवजी १६ घरांचा, म्हणजे सुमारे १४ डीबीचा स्प्लिटर लावा. घट २२.३५ वर येते. घरं कमी झाली, पण पावसाळ्यात लाईन पडणार नाही. हा हिशेब न करता ३२ घरांना कनेक्शन विकली की पहिल्या दुरुस्तीनंतर तक्रारींचा पाऊस सुरू होतो.

माल उतरवताना

- आवरणावर कंपनीचं नाव, फायबरची जात, कोअर, साल आणि मीटरचे आकडे छापलेले असतात. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा वजा करून लांबी मोजा.
- ड्रम चरात जाण्याआधी ओटीडीआरने प्रत्येक धागा तपासा आणि नोंद ठेवा. नंतर दोष कुणाचा, हा वाद राहत नाही.
- केबलची टोकं टोपी लावून बंद ठेवा. पाणी आत गेलं की ते आतल्या आत सरकत जातं.
- ओढताना केबलच्या व्यासाच्या किमान २० पट त्रिज्येपेक्षा जास्त वळवू नका. १२ मिलिमीटरच्या केबलला म्हणजे २४ सेंटिमीटर. टाकून झाल्यावर १० पट चालते.
- हिरवा कनेक्टर तिरप्या घासणीचा एपीसी, निळा सरळ यूपीसी. हिरव्याला निळा जोडू नका, सिग्नलही जातो आणि टोकही खराब होतं.
- चालू फायबरच्या टोकात डोळा लावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण इजा करतो.

सीमेवरची एक गोष्ट

बेळगावहून चंदगडकडे जाणारा रस्ता राज्याची हद्द ओलांडतो. अशा मार्गावर दोन्हीकडच्या रस्ता खात्यांची परवानगी वेगवेगळी घ्यावी लागते. पंचायत, वनखातं आणि वीज कंपनीही वेगळी. कुठला तुकडा कुणाच्या हद्दीत आणि तिथे जमिनीतून की खांबावरून, हे आधी नकाशावर लिहा. केबलची मागणी त्याच यादीवरून निघते : इतके मीटर आर्मर्ड, इतके डक्टमधली, इतके खांबावरची.

दर विचारताना दुकानदाराला फक्त "फायबर केबल" म्हणू नका. जात, कोअर, आवरण, लांबी आणि जागा या पाच गोष्टी कागदावर लिहून द्या, आणि तीन ठिकाणचे दर त्याच कागदावर मागवा. मगच कुणाची स्वस्त आणि कुणाची नुसती कमी दर्जाची, ते कळेल.