सरकारचे माप

‘सरकार जितके लहान, तितके नागरिकाचे स्वातंत्र्य मोठे’ हे मत आता इतके रुळले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. पूर्वपक्ष असा: सरकारने संरक्षण, पोलीस आणि न्यायालये सांभाळावीत, लोकांच्या पोटापाण्याच्या व्यवहारात ते शिरले की कर वाढतात, अधिकारी शिरजोर होतात, माणूस मिंधा होतो. यातली मिंधेपणाची भीती खरी आहे, पण तिचे कारण या मंडळींनी भलतीकडे शोधले.

ब्रिटिश अमदानीत १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या. त्यांनुसार दुष्काळी कामे निघत. मात्र टंचाई आहे की नाही, हे सरकार ठरवी. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली, आणि तिचे प्रवर्तक वि. स. पागे यांनी हा क्रमच उलटा केला. पुढे १९७७च्या कायद्याने ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाला अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क दिला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता. खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये आजही कापले जातात, तो हाच कर.

खर्चाच्या हिशेबाने इथे सरकार वाढले, यात शंका नाही. पण तहसीलदाराची मर्जी घटली. गरजू कोण, हे ठरवणे त्याच्या हातून गेले. उन्हात नालाबांधाची माती उपसायला जो तयार, तो गरजू. मिंधेपणा मर्जीतून येतो, हक्कातून येत नाही.

यावर खोट्या मस्टरांचा आक्षेप येईल. तो रास्त आहे. मस्टरे खोटी भरली गेली, आणि भत्ता तर क्वचितच कोणाच्या हाती पडला. तरीही कायदा हाती होता म्हणूनच मजूर, त्यांत बाया मोठ्या संख्येने, तहसील कचेरीवर मोर्चे नेऊन काम मागू शकले. दुष्काळ संहितेच्या काळात असे मागायला कायद्याचा आधारच नव्हता.

आता पूर्वपक्षाने सरकारला बिनतक्रार बहाल केलेली खाती पाहा. आणीबाणीत ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली माणसांना खटल्याविना डांबायला पोलीस आणि तुरुंग एवढे पुरले. त्यासाठी एकही कल्याणकारी योजना लागली नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी या स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. विरोधात एकटे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना होते. ज्याला आदर्श म्हणून दाखवले जाते, त्या छोट्या सरकारचीच ही तीन अंगे होती, आणि संकटात सापडलेल्या नागरिकाच्या उपयोगी त्यांतले एकही पडले नाही.

तेव्हा सरकारच्या आकाराची चर्चा पुरे. सरकार कशाने बांधले आहे, हे विचारायला हवे. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, आणीबाणी असली तरी जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, असे बंधन घातले. पागे यांच्या कायद्यातली पंधरा दिवसांची मुदत त्याच जातीची आहे.