अब्रू कोणाची?

तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात कारभार मोडी मराठीत चाले, गाणे तेलुगूत, शास्त्रचर्चा संस्कृतात आणि राजवाड्याबाहेरचा बहुतेक व्यवहार तमिळमध्ये. प्रतापसिंह राजांच्या काळात (१७३९–१७६३) मुद्दुपळनी ही या दरबारातली गणिका आणि कवयित्री. तिने ‘राधिका सांत्वनम्’ हे तेलुगू काव्य लिहिले. कृष्णाचे इळेशी लग्न लावून देणारी राधा, मग तिला जाळणारा मत्सर आणि कृष्णाने काढलेली तिची समजूत, हा त्याचा विषय. शृंगारात पुढाकार बाईचा. स्वतःच्या विद्वत्तेबद्दल आणि कुळातल्या बायकांबद्दल मुद्दुपळनी उघड अभिमानाने लिहिते.

दीडशे वर्षांनी तिच्यावर खटला भरला गेला, पण तो कोर्टात नव्हे. कंदुकूरी वीरेशलिंगम हे तेलुगूतले मोठे सुधारक. आपल्या विष्णुशास्त्री पंडितांसारखेच विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. तेलुगू कवींची चरित्रे लिहिताना त्यांनी मुद्दुपळनीच्या काव्याला अश्लील ठरवलेच, शिवाय तिच्या चारित्र्यावरही बोट ठेवले. यावर उत्तर दिले बंगलोर नागरत्नम्मा या नामवंत गायिकेने. तीही देवदासी परंपरेतली. १९१० साली तिने काव्याची संपूर्ण आवृत्ती छापली आणि प्रस्तावनेत विचारले, की लाज फक्त बायकांनाच असते का? पुरुष कवींनी याहून उघडे शृंगारवर्णन केले तर चालते, मग हिचेच का खुपते? पुढच्याच वर्षी सरकारने पुस्तक आक्षेपार्ह ठरवले आणि प्रती जप्त झाल्या. बंदी उठायला स्वातंत्र्याची पहाट उजाडावी लागली.

हा वाद अश्लीलतेचा होता, छळाचा नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही ऑक्टोबर २०१८ मध्ये तमिळनाडूत ‘मी टू’ची चर्चा पेटली तेव्हा मला आधी नागरत्नम्मा आठवली. गायिका चिन्मयी श्रीपाद यांनी गीतकार वैरमुत्तू यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप केले. त्यांनी ते फेटाळले. त्यानंतर बराच काळ लोक आरोपांपेक्षा आरोप करणारीबद्दलच बोलत राहिले. इतकी वर्षे गप्प का होती? लग्नाला त्यांना का बोलावले? हिचा हेतू काय? नोव्हेंबरमध्ये डबिंग कलाकारांच्या संघटनेने चिन्मयींचे सदस्यत्व रद्द केले. कारण दिले वर्गणी थकल्याचे.

भाषांतर करताना मी या विषयावर मराठीत एका शब्दापाशी नेहमी अडते. तो शब्द म्हणजे ‘अब्रू’. मूळ फारसी, अर्थ चेहऱ्यावरचे पाणी, तेज. मराठीत बाईवर अत्याचार झाला की तिची अब्रू जाते, आणि तिने त्याबद्दल तोंड उघडले की पुरुषाची. पहिल्याला आपण ‘अब्रू लुटणे’ म्हणतो, दुसऱ्याला ‘अब्रूनुकसानी’. दाद मागायला कायदा दोघांनाही आहे, पण भाषेने बाईचे नुकसान तिच्याच अंगाला चिकटवून ठेवले आहे. ‘विनयभंग’ या शब्दातही मोडतो तो बाईचा विनय. ‘लैंगिक छळ’ म्हटले की निदान छळणारा कोणीतरी आहे एवढे तरी कळते. म्हणून मी तोच शब्द वापरते, कानाला रुक्ष वाटला तरी.

अब्रूची ही दुहेरी मोजणी एका न्यायालयाने थोडी सरळ केली. एम. जे. अकबर यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर फौजदारी अब्रूनुकसानीचा खटला भरला होता. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष ठरवले. स्त्रीच्या प्रतिष्ठेची किंमत देऊन दुसऱ्याचा लौकिक जपता येत नाही आणि कित्येक वर्षांनीही तिला तक्रार मांडता येते, असा निकालाचा आशय होता.

संगीताच्या क्षेत्रात पेच आणखी अवघड. २०१८ मध्येच मद्रासच्या म्युझिक अकादमीने आरोप झालेल्या सात कलावंतांना डिसेंबरच्या महोत्सवातून वगळले. गुन्हा सिद्ध होण्याआधीच शिक्षा, अशी टीका झाली. पण मंचावर न बोलावणे म्हणजे तुरुंगात टाकणे नव्हे. गुन्हा ठरवणे कोर्टाचे काम, मंच कोणाला द्यायचा हे संस्थेचे, आणि कोणाचे गाणे ऐकायचे हे रसिकाचे. ही तिन्ही कामे एकाच निकालात कोंबली की आरोप करणारीवरही अन्याय होतो आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यावरही. नुसते नाव यादीत आले म्हणून माणूस दोषी ठरत नाही, हे म्हणणाऱ्यांचे मला पटते. त्यांनीच पुढे सांगावे, की मग चौकशी कोणी करायची?

२०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती सक्तीची केली. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. कावेरीकाठच्या संगीताची रीत मात्र गुरूच्या घरी शिकण्याची. तिथे नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही. गुरूचा एक शब्द गेला तर सभांची दारे उघडतात, फिरला तर बंद होतात. अशा शिष्येने सहा महिन्यांत तक्रार करायची म्हणजे आपल्या हातानेच आपले गाणे थांबवायचे. तिच्या गप्प राहण्याचे उत्तर इथे आहे, आणि ‘आत्ताच का’ हा प्रश्न तिला विचारण्याआधी या व्यवस्थेला विचारायला हवा.

तंजावरहून जवळच तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी आहे. तिच्यावरचे मंदिर बांधले नागरत्नम्माने, स्वतःच्या कमाईतून. तिथल्या आराधनेत बायकांना गाऊ देत नव्हते, तेव्हा तिने बायकांची वेगळी आराधना सुरू केली. आज दर जानेवारीत तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसून पंचरत्न कृती गातात. त्या मांडवात बाईला जागा मिळाली ती कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. गाण्याची जागा तिने भांडून मिळवली, तशी बोलण्याचीही मिळवावी लागणार. फक्त या खेपेला ते भांडण एकट्या शिष्येवर सोडून आपण नुसते श्रोते राहू नये.