घाम फुटला म्हणजे खोटं?

घरातले पैसे सापडेनात, गटाच्या हिशेबात फरक आला, की कुणीतरी म्हणतंच, "बघा, कशी मान खाली घातली! हिनंच केलं असणार." खोटं चेहऱ्यावर दिसतं, ही समजूत किती जुनी आहे ते आज पाहू.

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या याज्ञवल्क्यस्मृतीत खोट्या माणसाची लक्षणं दिली आहेत. तो एका जागी थांबत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळाला घाम येतो, तोंडाचा रंग उडतो, बोलताना अडखळतो. जुन्या न्यायात तांदळाचं दिव्यही होतं. संशयिताला तांदूळ चावून थुंकायला लावत. थुंकीत रक्त दिसलं किंवा अंग कापलं, की तो दोषी! मराठेशाहीत वतनाच्या भांडणात रवादिव्य करत. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. मग हात बांधून मोहर लावायची आणि काही दिवसांनी उघडून पाहायचा. भाजल्याच्या खुणा दिसल्या, की दावा खोटा.

पुढे यंत्र आलं. 1921 साली अमेरिकेत बर्कलेच्या पोलीस खात्यात जॉन लार्सन यांनी रक्तदाब आणि श्वास नोंदवणारं यंत्र तयार केलं. पण यंत्राला खोटं कळत नाही, शरीराची धडधड कळते. निर्दोष बाईवर चारचौघांत आळ आला, तर तिचंही तोंड कोरडं पडतं, तिलाही घाम फुटतो. उलट सराईत माणूस डोळ्याला डोळा भिडवून थाप मारतो.

2006 साली दोन अभ्यासकांनी वीस हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या प्रयोगांचे निकाल एकत्र केले. नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखणं 100 पैकी 54 वेळाच जमलं. म्हणजे जवळपास छापा-काटाच! आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 5 मे 2010 रोजी सांगितलं, की संमतीशिवाय कुणाचीही अशी यंत्रचाचणी करता येणार नाही.

मग ओळखायचं कसं? स्मृतीच्या त्याच यादीत एक कामाचं लक्षण आहे: खोटा माणूस एकमेकांशी न जुळणारं बोलतो. तेवढं आपण धरून ठेवू. शांतपणे विचारू, बोलू देऊ. कोण, कुठं, कधी हे पासबुकाशी, पावतीशी, दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहू. तोवर कुणाच्या घामावरून तिला चोर ठरवायचं नाही. गेलेले पैसे भरून निघतील, पण गेलेली अब्रू परत देता येत नाही.