जुन्या घराची नवी खिडकी

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढे तारापूरही गेले. त्यांच्याच अंमलाखालील गोव्यात खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने बसवीत. उजेड आत येई, उन्हाची तिरीप बाहेर राही. १७३९ साली मराठ्यांनी तारापूर घेतले. राज्य पालटले, खारा वारा तोच राहिला. खिडकी राजापेक्षा हवेचा हुकूम अधिक मानते, असे आम्ही म्हणतो ते यामुळेच.

१९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. घरोघर ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही, हे खरे. परंतु दोन पाखांची सरकती खिडकी अर्धीच उघडते आणि वैशाखात निम्मा वारा बाहेरच अडतो. जुन्या झडपा सताड उघडत.

म्हणून आमचे सांगणे असे : सागवानी चौकट आधी टोचून पाहावी. ठणठणीत असल्यास ती ठेवून झडपाच नव्या कराव्यात. खालचे टोक कुजले असल्यास तेवढेच कापून सांधावे. गंजून फुगलेले गज चौकट फोडतात, ते बदलावेत. चौकटच गेली असेल तर ॲल्युमिनियम खुशाल घ्यावे, पण बिजागरीवर पूर्ण उघडणारे. पूर्वजांनी वाऱ्याशी केलेला तह आपण का मोडावा?