यंत्रकामातील शिकाऊ उमेदवारी

यंत्रकामातील शिकाऊ उमेदवारी म्हणजे कारखान्यात अनुभवी कारागिराच्या देखरेखीखाली, प्रत्यक्ष काम करीत यंत्रविद्या आत्मसात करण्याची पद्धत होय. फिटर, टर्नर व मशिनिस्ट हे तिच्यातील जुने व्यवसाय असून औद्योगिक रोबोट हाताळणाऱ्या तंत्रज्ञाची त्यांत अलीकडे भर पडली आहे. शिकवणाऱ्या कारागिरास मिस्त्री किंवा वस्ताद असे संबोधले जाते.

कायदेशीर स्वरूप

भारतात या पद्धतीचे नियमन शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये होते. उमेदवाराचे किमान वय १४ वर्षे, तर धोकादायक उद्योगांत १८ वर्षे असते. त्याला विद्यावेतन मिळते. कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी त्याच्या २.५ ते १५ टक्के इतके उमेदवार घेणे बंधनकारक आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २३ ने धोकादायक यंत्रावर अल्पवयीन व्यक्तीस काम देण्यापूर्वी धोक्यांची पूर्ण माहिती देणे आवश्यक ठरवले. शिवाय पुरेसे प्रशिक्षण किंवा जाणकाराची देखरेख, यांपैकी एक अट घातली.

शिक्षणाची रीत

फिटरचे शिक्षण बहुधा कानशीपासून सुरू होते. लोखंडी ठोकळा व्हाइसमध्ये धरून घासायचा, कडेला गुण्या लावून उजेडाकडे धरायचा आणि फटीतून प्रकाश दिसल्यास पुन्हा घासायचा, असा हा कंटाळवाणा पाठ असतो. मात्र हाताला सपाटीची जाण त्यातूनच येते. मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटरपर्यंत माप दाखवतो. तो आवळून फिरवल्यास माप चुकते, म्हणून रॅचेटचा वापर शिकवला जातो.

लेथवर मापापेक्षा सवयी आधी लावाव्या लागतात. चकची चावी काढल्याशिवाय यंत्र सुरू करू नये, फिरत्या कामाजवळ हातमोजे वा सैल बाह्या असू नयेत, धातूचा कीस हाताने न ओढता ब्रशने काढावा, हे नियम भिंतीवर लिहिलेले असतात. तथापि वस्ताद स्वतः ते मोडत असेल, तर उमेदवार भिंतीकडे न पाहता वस्तादाकडे पाहतो. बोथट झालेल्या हत्याराचा बदललेला आवाज ओळखणे, हेही असेच शेजारी उभे राहून शिकण्याचे ज्ञान आहे.

रोबोटवरील काम

रोबोटला हालचाली शिकवताना तंत्रज्ञास कधी कधी कुंपणाच्या आत जावे लागते. त्या वेळी हाताच्या टोकाचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरपर्यंत मर्यादित ठेवतात. हातातील नियंत्रकावर तीन स्थितींचे बटण असते. ते मधल्या स्थितीत दाबून धरले तरच रोबोट हलतो. सोडले किंवा घाबरून घट्ट आवळले तर थांबतो. नवशिक्याला विशेष सांगावी लागणारी गोष्ट अशी, की थांबलेला रोबोट बंद असतोच असे नाही. तो एखाद्या संकेताची वाट पाहत असू शकतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी वीज व दाबाखालील हवा तोडून तेथे स्वतःचे कुलूप लावण्याची शिस्त घालून दिली जाते.

अडचणी

शिकवण्यात वेळ जातो आणि तेवढे वस्तादाचे उत्पादन घटते. ज्या कारखान्यात त्याच्याकडून नगांचा हिशेब नेहमीसारखाच मागितला जातो, तेथे उमेदवाराच्या वाट्याला झाडलोट व ओझी वाहणे येते किंवा एकाच यंत्रावर वर्षभर तेच काम राहते. प्रमाणपत्र मिळते; पण नकाशा वाचून नवा भाग घडवण्याची वेळ आल्यावर उणीव उघडी पडते.