वड्याचे तेल वांग्यावर : ब्रिटिश मतदार आणि त्यांच्या नगरपालिका

९ मे १९६८ रोजी लंडनच्या ३२ बरोंमध्ये निवडणुका झाल्या. बरो म्हणजे स्वतःची नगरपालिका असलेला शहराचा एक मोठा भाग. निकाल लागले तेव्हा ३२ पैकी २८ नगरपालिका कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या हाती गेल्या होत्या. उत्तर लंडनमधल्या इझलिंग्टनमध्ये चार वर्षांपूर्वी साठच्या साठ नगरसेवक लेबर पक्षाचे निवडून आले होते. आता तिथे त्यांचे दहा उरले. दक्षिण लंडनमधले लॅम्बेथ लेबरचा जुना गड. तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह ५७, लेबर ३. दूर उत्तरेला पोलादाच्या शेफील्ड शहरात तीसच्या दशकापासून सलग चालत आलेली लेबरची सत्ता त्याच दिवशी गेली.

जुन्या मराठी वृत्तपत्रांनी या दोन पक्षांना हुजूर पक्ष आणि मजूर पक्ष अशी झकास नावे दिली होती. आज ती मागे पडली आहेत, पण मला ती आवडतात. पुढे तीच वापरतो.

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नव्हे. वाणिज्य शाखेतून बाहेर पडलो आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले. त्यामुळे असेल, निवडणुकांचे तक्ते मी खतावणीसारखे वाचतो : रक्कम कोणाच्या नावे पडली, आणि व्यवहार मुळात कोणाचा होता? ब्रिटनच्या स्थानिक निवडणुकांची खतावणी या दृष्टीने पाहिली, की नोंदी वारंवार भलत्याच खात्यावर पडलेल्या दिसतात.

१९६८ चेच पाहा. लंडनकरांचा राग कशावर होता? हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर सरकारने नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन केले, २.८० डॉलरचा पौंड २.४० डॉलरवर आला. मार्चच्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रॉय जेन्किन्स यांनी करांचा मोठा बोजा टाकला. सरकारी आरोग्यसेवेत औषधाच्या चिठ्ठीवरचे जे शुल्क याच सरकारने तीन वर्षांपूर्वी मोठ्या अभिमानाने रद्द केले होते, ते पुन्हा लावण्याचे जाहीर झाले. एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले आणि वातावरण आणखी तापले. यातली एकही गोष्ट इझलिंग्टनच्या किंवा लॅम्बेथच्या नगरसेवकाने केलेली नव्हती. तो बिचारा गटारे, ग्रंथालये आणि भाड्याची घरे पाहत होता. आपल्याकडे याला वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, १० मे रोजी, मजूर पक्षाचे पाठीराखे दैनिक ‘डेली मिरर’ याने पहिल्या पानावर आता पुरे झाले असे बजावून विल्सन यांना हटवण्याची मागणी केली. ती लिहिणारे सेसिल किंग हे त्या वृत्तसमूहाचे अध्यक्ष होते. गंमत अशी की महिनाअखेरीस खुर्ची गेली ती किंग यांची. विल्सन पुढे दोन वर्षे टिकले.

मात्र सगळेच मतदार पक्ष बदलून हुजुरांकडे गेले, असे समजू नये. लंडनमध्ये त्या दिवशी साधारण एक तृतीयांश मतदारांनीच मतदान केले. मजूर पक्षाचे पुष्कळ मतदार घरी बसून राहिले. प्रत्येक वॉर्डात जास्त मतांवाला निवडून यायचा, बाकीची मते पाण्यात. अशा पद्धतीत घरी बसणे हीसुद्धा मोठी शिक्षा ठरते.

या लाटेवर जे काठाला लागले त्यांत जॉन मेजर नावाचा पंचवीस वर्षांचा एक बँक कर्मचारी होता. वडील कधीकाळी रंगमंचावर कसरती करणारे, पुढे बागेतल्या शोभेच्या मूर्तींचा धंदा करणारे. तो बुडाला आणि कुटुंब लॅम्बेथमधल्या ब्रिक्स्टनला दोन खोल्यांत आले. मुलाने सोळाव्या वर्षी शाळा सोडली. बँकेच्या नोकरीत नायजेरियाला गेला आणि मोटार अपघातात पाय मोडून परतला. १९६४ साली त्याने नगरपालिकेची निवडणूक लढवली होती आणि हरला होता. १९६८ मध्ये त्याला मिळालेला फर्नडेल वॉर्ड हुजूर पक्षाने जिंकावा असा नव्हताच. पण लाटेने वॉर्ड पाहिला नाही. मेजर निवडून आले, पुढे गृहनिर्माण समितीचे अध्यक्ष झाले. लॅम्बेथमध्ये घरांसाठी थांबलेल्यांची यादी लांबलचक, जुन्या इमारती मोडकळीस आलेल्या, वेस्ट इंडीजहून आलेल्या कुटुंबांची वस्ती मोठी. नगरपालिकेने घरे बांधली, घराविषयी सल्ला देणारे केंद्र उघडले. समितीचे लोक वस्त्यांमध्ये जाहीर सभा घेऊन लोकांची बोलणी ऐकू लागले. ही कारभारी मंडळी चांगली होती असे माझे मत आहे.

१९७१ मध्ये ती सगळी घरी गेली. दरम्यान जून १९७० मध्ये एडवर्ड हीथ यांचे हुजूर सरकार आले होते. बेकारी वाढत होती, कामगार संघटनांना वेसण घालणारा कायदा येत होता, सातवर्षांवरील शाळकरी मुलांचे फुकट दूध बंद होणार होते. राग वेस्टमिन्स्टरवरचा, निघाला लॅम्बेथवर. मेजर वॉर्ड बदलून उभे राहिले, तरीही पडले. त्याच निवडणुकीत त्याच लॅम्बेथमध्ये मजूर पक्षाचा केन लिव्हिंग्स्टन नावाचा तरुण निवडून आला आणि गृहनिर्माण समितीचाच उपाध्यक्ष झाला. मेजर यांची घरे चांगली की वाईट, याचा निकाल मतदाराने दिलाच नाही. तो प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच.

आता थोडे वरच्या पायरीवर जाऊ. बरोंच्या डोक्यावर सबंध लंडनसाठी ग्रेटर लंडन कौन्सिल ही महासंस्था होती. तिच्या निवडणुका सहाच झाल्या : १९६४, १९६७, १९७०, १९७३, १९७७ आणि १९८१. पहिलीत, देशात हुजूर सरकार असताना, मजूर जिंकले. १९६७ मध्ये देशात मजूर, लंडन हुजूर. तेही १०० पैकी ८२ जागांनी. एप्रिल १९७० मध्ये पुन्हा तेच. १९७३ मध्ये देशात हुजूर, लंडन मजूर. १९७७ मध्ये उलट, १९८१ मध्ये त्याच्याही उलट. सहापैकी सहा वेळा लंडनने देशातल्या सत्ताधारी पक्षाला नाकारले. हा तक्ता पहिल्यांदा मांडला तेव्हा मी कागदाकडे बराच वेळ पाहत राहिलो. एखादा अपवाद तरी असावा की नाही!

याचा एक परिणाम असा, की थेम्सच्या एका काठावर संसद आणि समोरच्या काठावर कौन्सिलची इमारत, यांच्यात कायमचे वैर. १९८१ नंतर कौन्सिलचे नेते झालेले लिव्हिंग्स्टन यांनी त्या इमारतीच्या छपरावर लंडनमधल्या बेकारांचा आकडा मोठ्या अक्षरांत लावला. संसदेच्या गच्चीवर चहा पिणाऱ्यांना तो वाचावाच लागे. त्यांनी बस आणि भुयारी रेल्वेचे भाडे उतरवले, तर ब्रॉम्ली या हुजूर बरोने न्यायालयात धाव घेतली आणि निकाल आपल्या बाजूने मिळवला. मार्गारेट थॅचर यांनी १९८३ च्या जाहीरनाम्यात कौन्सिल बरखास्त करण्याचे वचन दिले आणि ३१ मार्च १९८६ रोजी ते पुरे केले. सोबत बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूल अशा शहरांच्या परिसरातल्या सहा महानगरी कौन्सिलही गेल्या. सगळ्याच मजूर पक्षाच्या ताब्यातल्या. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावापासून ज्यांनी आपल्याला स्थानिक स्वराज्याचे पाठ दिले, त्यांच्या राजधानीला पुढची चौदा वर्षे स्वतःचे निवडून आलेले शहर-सरकार नव्हते.

मतदाराने राग काढण्यासाठी जी काठी वापरली, ती ज्याच्यावर राग होता त्यानेच मोडून टाकली. एरवी सत्तेवरच्यांना हीच काठी उपयोगी वाटत असे. १९७० मध्ये मेच्या स्थानिक निकालांनी विल्सन यांना धीर आला, त्यांनी जूनमध्ये सार्वत्रिक निवडणूक घेतली आणि हरले. थॅचर यांनी १९८३ आणि १९८७ मध्ये मेच्या स्थानिक निकालांचे आकडे तपासले, काही दिवसांत निवडणूक जाहीर केली आणि दोन्ही वेळा जिंकल्या. नगरपालिका हे तापमापक. ताप पाहून झाला की काच ठेवून द्यायची.

थॅचर सरकारला हा दोष दिसत नव्हता असे नाही. उलट तो फार स्पष्ट दिसला, आणि त्यावर त्यांनी जे औषध काढले ते डोईपट्टी. जानेवारी १९८६ च्या सरकारी प्रस्तावातला युक्तिवाद असा : इंग्लंडमध्ये सुमारे साडेतीन कोटी स्थानिक मतदार, पण घरपट्टीचे बिल येते एक कोटी ऐंशी लाखांना, आणि त्यातल्याही अनेकांना सवलत. ज्याच्या खिशाला चाट बसत नाही तो नगरपालिकेच्या उधळपट्टीचा विचार का करील? म्हणून घरपट्टी काढा, प्रत्येक प्रौढावर सारखी पट्टी बसवा. मग प्रत्येक जण आपल्या नगरसेवकाला आपल्या बिलावरून जोखील. कागदावर हे तर्कशुद्ध आहे. मला तर हिशेबनीस म्हणून पहिल्या वाचनात पटलेही असते. पण उमराव आणि त्याच्या दारचा कचरा उचलणारा, दोघांना एकच पट्टी, हे लोकांच्या न्यायबुद्धीला पटणारे नव्हते.

आधी स्कॉटलंडमध्ये, मग १ एप्रिल १९९० पासून इंग्लंड-वेल्समध्ये डोईपट्टी लागू झाली. सरकारचा अंदाज सरासरी २७८ पौंडांचा होता. प्रत्यक्षात बिले सरासरी ३६३ पौंडांची आली. आदल्या दिवशी ट्रॅफल्गार चौकात दंगल उसळली. ३ मे रोजी नगरपालिकांचे मतदान. नव्या सिद्धांताप्रमाणे जास्त बिल पाठवणाऱ्या नगरपालिकांना, म्हणजे बहुतेक मजूर पक्षाच्या नगरपालिकांना, शिक्षा व्हायला हवी होती. लोकांनी बिल पाठवणाऱ्याला सोडले आणि पट्टी शोधून काढणाऱ्याला धरले. ब्रॅडफर्डसारखे शहर हुजुरांच्या हातून गेले.

दोन ठिकाणी मात्र वेगळे घडले. लंडनमधल्या वाँड्सवर्थची पट्टी होती अवघी १४८ पौंड, वेस्टमिन्स्टरची १९५. लगतच्या लॅम्बेथमध्ये ती कितीतरी अधिक. वाँड्सवर्थमध्ये हुजुरांकडे केवळ एका नगरसेवकाचे बहुमत होते. निकालानंतर ४८ विरुद्ध १३ झाले. सरकार बदनाम असताना! ब्रिटिश मतदार स्थानिक कारभार पाहून मत देतच नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. मात्र लगेच फुलून जाण्याचेही कारण नाही. या कमी पट्टीमागे कारभार होता तसे केंद्राचे अनुदानही होते. आणि वेस्टमिन्स्टरची गोष्ट तर आणखी काळी : तिथल्या नगरपालिकेने काठावरच्या वॉर्डांत आपले मतदार वाढावेत म्हणून भाड्याची सरकारी घरे विकायचे धोरण आखले होते. नेत्या शर्ली पोर्टर यांना त्यापायी पुढे १.२३ कोटी पौंड भरावे लागले.

डोईपट्टीने नोव्हेंबर १९९० मध्ये थॅचर यांचे पद घालवायला हातभार लावला. त्यांच्या जागी आले ते लॅम्बेथचे जॉन मेजर. त्यांच्या सरकारने मार्च १९९१ मध्ये मूल्यवर्धित कर १५ वरून साडेसतरा टक्क्यांवर नेला आणि त्या पैशातून प्रत्येकाची डोईपट्टी १४० पौंडांनी कमी केली. म्हणजे नगरपालिकांचा खर्च आणखी केंद्राच्या तिजोरीतून होऊ लागला. नगरसेवकाला स्थानिक बिलावरून जोखायचे, या मूळ हेतूच्या बरोबर उलट हे झाले. बिल स्थानिक राहिले नाही, मग राग तरी स्थानिक कसा राहील?

मेजर यांनी तो अनुभव पुरेपूर घेतला. १९९२ च्या सप्टेंबरात पौंड युरोपीय चलनव्यवस्थेतून बाहेर फेकला गेला. पुढच्या वर्षी काउंटी कौन्सिलच्या निवडणुकांत हुजुरांकडे इंग्लंडमधली एकच काउंटी उरली, बकिंगहॅमशर. ४ मे १९९५ रोजी एका दिवसात त्यांच्या पक्षाचे दोन हजारांहून अधिक नगरसेवक पडले. दोन हजार! हे लोक म्हणजे गल्लीत ओळख असलेले दुकानदार, निवृत्त शिक्षिका, बँकेतले कारकून. पत्रके वाटणारे, दारे ठोठावणारे. सात आठवड्यांनी मेजर यांनी पक्षनेतेपदाचा राजीनामा देऊन खासदारांपुढे पुन्हा कौल मागितला आणि ४ जुलैला २१८ विरुद्ध ८९ मतांनी तो जिंकला. पंतप्रधान वाचले. पडलेल्या दोन हजारांना दुसरा कौल मागायची सोय नव्हती. १९९७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्ष १६५ जागांवर आला, तेव्हा त्याच्यासाठी गल्लोगल्ली फिरणारे हात अगोदरच कमी झालेले होते.

मतदाराला मी मूर्ख म्हणणार नाही. पाच-पाच वर्षे ज्याला सरकारपुढे दुसरे कोणतेही तोंड नाही, तो हाती लागेल त्या मतपेटीत राग टाकणारच. पण त्याची किंमत कोणाच्या नावे पडते, हे पाहिले पाहिजे.

१ मे २०२५ रोजी या खतावणीत एक नवी नोंद झाली. यावेळी हुजूर आणि मजूर दोघेही एकदम शिक्षेला पात्र ठरले. हुजुरांचे पावणेसातशेच्या आसपास नगरसेवक गेले, दहा महिन्यांपूर्वीच सत्तेवर आलेल्या मजुरांचे सुमारे १९०. आणि हुजुरांनी गमावले जवळजवळ तेवढेच रिफॉर्म यूके या नव्या पक्षाच्या झोळीत पडले. सोबत दहा कौन्सिल. केंट काउंटीत ८१ पैकी ५७ जागा त्यांना मिळाल्या; १९९७ पासून तिथे राज्य करणाऱ्या हुजुरांकडे पाच राहिल्या. त्या पक्षाचा देशभरातला मुख्य मुद्दा होता छोट्या होड्यांतून खाडी ओलांडून येणाऱ्या स्थलांतरितांचा. होड्या केंटच्याच किनाऱ्याला लागतात, आणि त्यांतून एकट्या आलेल्या मुलांची जबाबदारी केंट कौन्सिलवर पडते, हे खरे. पण सीमा राखणे हे काम लंडनच्या गृहखात्याचे आहे. नव्या नगरसेवकांच्या टेबलावर आले ते म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचा खर्च, अपंग मुलांची शिक्षणव्यवस्था, रस्त्यांवरचे खड्डे.