खडकीचें पाणी

वेरूळ आणि अजिंठा पाहावयास निघालेला प्रवासी औरंगाबादेस बहुधा मुक्कामापुरता उतरतो. सकाळीं बीबीचा मकबरा, दुपारीं पाणचक्की, जातां जातां हिमरूची एखादी शाल. एवढ्यानें शहर पाहून झालें असें तो समजतो. २०२३ पासून हें शहर छत्रपति संभाजीनगर झालें आहे. त्यापूर्वीं खडकी, फत्तेनगर आणि औरंगाबाद अशीं तीन नांवें त्यानें धारण केलीं. नांवें राज्यकर्त्यांनीं दिलीं. परंतु ज्या गोष्टीमुळें एवढें मोठें शहर या जागीं नांदूं शकलें, ती प्रवाशाच्या सहसा दृष्टीस पडत नाहीं. कारण ती जमिनीखालीं आहे.

ती शोधावयाची तर आरंभ भडकल दरवाज्यापासून करावा. मोंगलांवर मिळविलेल्या विजयाचें स्मारक म्हणून १६१२ मध्यें मलिक अंबरानें हा भव्य दरवाजा उभारला. अंबर मूळचा हबसाणांतला. लहानपणीं गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा अरबस्तानच्या बाजारांतून फिरत फिरत दक्षिणेंत आला आणि पुढें बुडत्या निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. दौलताबादचा बळकट किल्ला आठ-नऊ मैलांवर असतां त्यानें १६१० मध्यें खडकी नांवाच्या खेड्यावर राजधानी वसविली. त्याच्या पदरीं मराठे सरदार पुष्कळ होते. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा हीं जुन्या वस्त्यांचीं नांवें मालोजी, खेळोजी, परसोजी व विठोजी या भोसले मंडळींवरून पडलीं असें सांगतात. पुरा म्हणजे पेठ. आणि पुढें अशा पुऱ्यांचें मोहोळच या शहराभोंवतीं जमलें.

राजधानी झाली, सरदारांचे वाडे उठले, फौजा आल्या; पण एवढ्या माणसांना आणि जनावरांना पाणी कोठलें? खाम ही लहानशी नदी, पावसाळा सरला कीं रोडावणारी. अंबरानें उत्तरेकडील डोंगरपायथ्याची जमीन हेरली. तेथें पोटांत झिरपणारें पाणी होतें. जमिनीखालीं दगडी बांधणीचा बोगदा काढावयाचा, त्याच्या भिंतींतून पाणी आंत पाझरूं द्यावयाचें आणि केवळ उताराच्या बळावर तें शहराकडे आणावयाचें, अशी ती योजना. इराणांत ज्याला कारेझ म्हणतात त्याच जातीची ही विद्या होय. दरबारांतील विद्वानांनीं ती हंसण्यावारी नेली, पण अंबरानें अडीच लक्ष रुपये खर्चून पंधरा महिन्यांत पाणी गांवांत खेळविलें, अशी कथा आहे. हीच नहर-ए-अंबरी. साफसफाईसाठीं तिच्यावर जागोजाग विहिरीसारखीं तोंडें ठेविलेलीं आहेत. या व पुढें झालेल्या नहरींचें पाणी पुढें खापरी नळांतून वस्तींत फिरे, आणि वाटेंत उंच दगडी मनोऱ्यांवर चढून पुन्हा उतरे. त्यायोगें नळांतील कोंडलेली हवा निघून जाई व दाब बेतानें राही. ना मोट, ना रहाट, ना बैल!

मोंगल फौजांनीं १६१६ मध्यें आणि पुन्हा १६२१ मध्यें खडकीची राखरांगोळी केली. दोन्ही वेळां वस्ती तेथेंच पुन्हा उभी राहिली.

स्वित्झर्लंडमधील बर्न शहर पाहणाऱ्यास असा शोध घ्यावा लागत नाहीं. ११९१ मध्यें आरे नदीच्या वळणांत वसलेल्या त्या शहरांत सोळाव्या शतकांतील रंगीत पुतळ्यांचीं कारंजीं भर रस्त्यांत अजून वाहत आहेत. शहरानें आपलें जुनें पाणी शोभेसारखें मिरविलें आहे. औरंगाबादेचें पाणी मात्र पायांखालीं राहिलें, आणि जें पायांखालीं असतें त्याची आठवण फार दिवस राहत नाहीं.

१६३३ मध्यें दौलताबाद पडलें, तीन वर्षांनीं निजामशाही बुडाली. औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आला तेव्हां, १६५३ मध्यें, त्यानें शहरास आपलें नांव दिलें. ज्यांचें नांव आज शहरास आहे ते संभाजीराजे १६६७ च्या अखेरीस, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षीं, शाहजादा मुअज्जमच्या भेटीस याच शहरीं आले होते. पुढें १६८२ मध्यें शहराभोंवतीं तट बांधला गेला. दरवाजे बावन्न होते असें म्हणतात. त्यांपैकीं थोडेच उरले. चार मुख्य दरवाज्यांपैकीं दिल्ली, पैठण व मक्का हे तीन उभे आहेत. जालना दरवाजा नाहींसा झाला.

बीबीचा मकबरा म्हणजे औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू हिची कबर. शाहजादा आझमशहानें आईसाठीं ती बांधली ही समजूत फार रूढ आहे. परंतु दिलरसबानू १६५७ मध्यें निवर्तली तेव्हां आझमशहा चार वर्षांचा होता. आरंभींचा हुकूम बापाचाच असला पाहिजे. प्रवेशद्वारावर अताउल्ला हा शिल्पी व हंसपतराय हा स्थापत्यविशारद यांचीं नांवें आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशीं ज्याचें नांव निगडित आहे त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. संगमरवराचे सुमारें तीनशें गाडे, त्यांतील लहानांत लहान गाड्यास बारा बैल, असें दृश्य आपण वाटेंत पाहिल्याचें टॅव्हर्निये या फ्रेंच प्रवाशानें लिहून ठेविलें आहे. इतकें करूनहि संगमरवर घुमटास आणि खालच्या पट्ट्यास पुरला. बाकी काम काळा दगड व चुन्याची गिलाव. सारा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे. गरिबांचा ताज म्हणून त्यास नाक मुरडणें सोपें आहे. पण गिलाव्यांतील नक्षी सावकाश पाहिल्यास तें नाक आपोआप सरळ होतें.

पाणचक्कीपाशीं मात्र जमिनीखालचें शहर क्षणभर वर येतें. बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर या फकिराचा हा दर्गा. डोंगराकडून खापरी नळांनीं आणलेलें पाणी उंच भिंतीवरून हौदांत कोसळतें. त्याच पाण्याच्या जोरावर जातें फिरे, आणि दर्ग्यांत उतरलेल्या फकिरांसाठीं व वाटसरूंसाठीं पीठ दळलें जाई. विस्तीर्ण हौदाचा तळ हेंच खालच्या दालनाचें छत. ऐन उन्हाळ्यांत त्या दालनांत थंडावा असतो.

आज शहराचें पाणी पैठणच्या जायकवाडी धरणाहून येतें, तेंहि यंत्रांनीं वर चढवून. नळास कित्येक दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव घरोघर वर्षानुवर्षें आला आहे. याच काळांत नवीन बांधकामांच्या पायांनीं आणि गटारांच्या चरांनीं जुन्या नहरी ठिकठिकाणीं फुटल्या, कांहीं बुजल्या. मध्यंतरीं कांहीं दरवाज्यांची डागडुजी झाली व त्यांवर रात्रीं दिवेहि लागले. दरवाजा दिसतो म्हणून त्याला वाली मिळतो. नहर दिसत नाहीं.

म्हणून जो प्रवासी पाणचक्कीपाशीं जाईल त्यानें हौदांतील मासे पाहून परत फिरूं नये. पाणी ज्या भिंतीवरून उतरतें तिच्यापाशीं उभें राहावें, आणि तेथून उत्तरेकडे डोंगरांच्या दिशेनें नजर टाकावी. मधल्या घरांच्या गर्दींत एखादा जुना दगडी मनोरा अजून दिसतो काय, तें पाहावें.